व्यायाम आणि प्रार्थना : ख्रिस्ती साधनेतील एका शब्दपरिवाराचा विचार

मराठीत ‘नमस्कार’ या शब्दाचा एक लक्षणीय प्रयोग आढळतो. ‘त्याने देवापुढे नमस्कार घातला’ या वाक्यात वंदन आहे. ‘त्याने पहाटे उठून शंभर नमस्कार घातले’ या वाक्यात व्यायाम आहे. नाम तेच, क्रियापद तेच. फरक केवळ वचनाचा. एकवचनात जी भक्ती, तीच अनेकवचनात कसरत होते. ‘आखाडा’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. तो मल्लांचा असतो तसा साधूंचाही असतो. देवापुढील दंडवत आणि तालमीतील दंड यांत देहाची ठेवण पुष्कळशी सारखी असते. शरीरसाधना आणि ईश्वरसाधना या दोहोंना मराठी भाषेने एकमेकींपासून फार दूर ठेवलेले नाही, असे यावरून दिसते.

ख्रिस्ती परंपरेविषयीचा सामान्य समज मात्र याच्या उलट आहे. त्या परंपरेने देहाला संशयाने पाहिले, उपवास व जागरण यांनी त्याला क्षीण केले आणि प्रार्थनेचे स्थान केवळ मनात ठेवले, असे मानले जाते. त्यामुळे रोजच्या चालण्याला वा धावण्याला स्तोत्रपठणाची जोड देणारे, अंगमोडणीच्या प्रत्येक हालचालीबरोबर एखादे प्रार्थनावचन म्हणणारे ख्रिस्ती भाविक जेव्हा दृष्टीस पडतात, तेव्हा त्यांचे समर्थक त्यास नवी कल्पना म्हणतात आणि विरोधक परधर्मातून आलेली उसनवारी म्हणतात. ख्रिस्ती साधनेची परिभाषा तपासली असता हे दोन्ही पक्ष टिकत नाहीत. ती परिभाषा बऱ्याच अंशी व्यायामशाळेतूनच आलेली आहे. परंतु शब्द व्यायामशाळेतून उचलताना त्यांतील काही ठेवले गेले आणि काही टाकले गेले. काय ठेवले व काय टाकले, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. मल्लभूमीतून मठाकडे

आरंभ ग्रीक ‘अस्केसिस’ या शब्दापासून करणे सोयीचे होईल. ‘अस्केओ’ या धातूचा होमरच्या काव्यातील अर्थ कारागिराचा आहे: लोकर विंचरणे, एखादी वस्तू कौशल्याने घडविणे. पुढे अभिजात ग्रीकमध्ये तो ‘सराव करणे’ या अर्थाने रूढ झाला, आणि ‘अस्केसिस’ म्हणजे विशेषतः मल्लाची तयारी असा अर्थ स्थिर झाला. स्टोइक तत्त्वज्ञांनी हाच शब्द नैतिक सरावासाठी वापरला. अलेक्झांड्रियाच्या फिलोने बायबलमधील याकोबाला ‘साधक’ या अर्थाने ‘अस्केतेस’ म्हटले. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अथानासियसने मरुभूमीतील अंतोनीचे जे चरित्र लिहिले, त्यात संन्यस्त जीवनाच्या संपूर्ण शिस्तीला ‘अस्केसिस’ हेच नाव आहे. आज ज्या शब्दापासून युरोपीय भाषांत ‘विरक्ती’ व ‘देहदंड’ या अर्थांची नामे आली आहेत, त्याच्या मुळाशी देहाचा द्वेष नसून देहाची मशागत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

नव्या करारात ‘अस्केओ’ हे क्रियापद एकदाच येते, ते प्रेषितांच्या कृत्यांत (२४:१६). तेथे पौल आपली सदसद्विवेकबुद्धी निर्दोष राखण्याच्या सतत यत्नाविषयी बोलतो. परंतु व्यायामशाळेची प्रत्यक्ष प्रतिमा पाहावयाची तर करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र (९:२४–२७) पाहावे. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे आणि विजेत्यास पानांचा मुकुट मिळे. पौल त्या धावपटूंचे संयमन सांगतो, त्यांच्या कोमेजणाऱ्या मुकुटाशी न कोमेजणाऱ्या मुकुटाची तुलना करतो, आणि स्वतःच्या देहाविषयी ‘हुपोपिआद्झो’ हे क्रियापद योजतो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘डोळ्याखाली ठोसा मारणे’ असा आहे. तो मुष्टियुद्धाच्या परिभाषेतला आहे. लूकच्या शुभवर्तमानातील (१८:५) विधवेच्या दृष्टान्तात न्यायाधीश तोच शब्द ‘सतत येऊन हैराण करणे’ अशा लाक्षणिक अर्थाने वापरतो. म्हणजे हे शब्द मल्लभूमीबाहेरही प्रचलित होते. श्रोत्यांना त्यांतील घाम आणि धूळ मात्र विसरता येण्याजोगी नव्हती.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘गुम्नाद्झो’ हा होय. तो ‘गुम्नोस’ म्हणजे ‘उघडा’ या विशेषणापासून साधला आहे. ग्रीक तरुण उघड्या अंगाने व्यायाम करीत. या ‘गुम्नोस’चे नाते संस्कृत ‘नग्न’ शब्दाशी जोडले जाते. पौलाच्या नावाने असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात (४:७–८) हे क्रियापद ‘एउसेबेइया’ या शब्दाबरोबर येते. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘सुभक्ती’ हा शब्द रूढ आहे. सुभक्तीसाठी स्वतःला व्यायाम दे, असा तो उपदेश आहे. त्याच्या लगोलग शारीरिक व्यायामाविषयी एक विधान येते आणि त्यातील ‘प्रोस ओलिगोन’ या दोन शब्दांवर भाष्यकारांचे मतभेद आहेत.

‘ओलिगोन’ म्हणजे थोडे. पण थोडे कशात? प्रमाणात की काळात? याकोबाच्या पत्रात (४:१४) क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या धुक्याविषयी हाच शब्दसमूह येतो, आणि तेथे त्याचा अर्थ निःसंशय ‘थोडा वेळ’ असा आहे. तीमथ्याच्या पत्रात मात्र पुढील वाक्यांशात ‘प्रोस पान्ता’, म्हणजे ‘सर्व बाबतींत’, असा विरोध साधला आहे. त्यावरून प्रमाणवाचक अर्थ पुढे येतो. त्याच वाक्याच्या शेवटी इहलोक व परलोक यांतील जीवनाचा उल्लेख असल्याने कालवाचक अर्थालाही आधार मिळतो. इंग्रजीत १६११ च्या भाषांतराची शब्दयोजना निषेधाकडे झुकते, तर १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कराराच्या सुधारित भाषांतरात व्यायामाला काही मूल्य आहे असे होकारार्थी रूप मिळाले. मराठीत हा सारा वाद एका ‘च’ या अव्ययात सामावतो: शारीरिक व्यायाम ‘थोडा उपयोगी’ आहे, की ‘थोडाच उपयोगी’ आहे? मूळ ग्रीकमध्ये हा ‘च’ नाही. विधेयातील ‘उपयुक्त’ हे विशेषण होकारार्थी आहे. व्यायामाला तेथे गौण स्थान दिले आहे. त्याला निरर्थक म्हटलेले नाही.

२. मेतानोइया : मनःपालट आणि लोटांगण

शब्द व्यायामशाळेतून प्रार्थनेत आले, एवढ्यावरून प्रार्थनेत शरीर आले असे सिद्ध होत नाही. रूपक हे रूपकच राहू शकते. परंतु येथे याच्या उलट दिशेने झालेले एक अर्थांतर उपयोगी पडते. ‘मेतानोइया’ हा नव्या करारातील मध्यवर्ती शब्द आहे. ‘नूस’ म्हणजे मन. ‘मेतानोइया’ म्हणजे मनाचा पालट. मराठी बायबल त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द वापरते. शब्द सर्वस्वी मानसिक आहे. तरीही पूर्वेकडील ग्रीक मठांच्या बोलीत तोच शब्द एका शारीरिक कृतीचे नाव झाला. कमरेत वाकून हात जमिनीस लावणे ही ‘लहान मेतानोइया’. गुडघे टेकून, दोन्ही हात भूमीवर ठेवून, कपाळ भूमीस लावून पुन्हा उभे राहणे ही ‘मोठी मेतानोइया’. मराठीत ‘शंभर पश्चात्ताप घातले’ असे म्हणता येत नाही. ग्रीक मठाच्या बोलीत नेमके तेच म्हणता येते.

या कृतीचे शारीरिक स्वरूप पाहिले तर तिच्यात मांड्या, पाठ, खांदे व श्वास यांना पुरेसे काम आहे. महाउपवासकाळात संत एफ्रेमच्या नावाने प्रसिद्ध असलेली प्रार्थना म्हणताना ऑर्थोडॉक्स भाविक तिच्या प्रत्येक खंडानंतर पूर्ण लोटांगण घालतात. मोजणीसाठी लोकरी दोऱ्याची गाठींची माळ वापरली जाते. तिच्यात बहुधा शंभर गाठी असतात. सूर्यनमस्कार आणि त्यांचे मंत्र यांची सांगड घालून औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी जो नित्यक्रम महाराष्ट्रात लोकप्रिय केला, त्याची येथे सहज आठवण होते. दोहोंचा ऐतिहासिक संबंध दाखविता येत नाही, आणि दाखविण्याचे कारणही नाही. उठणे, वाकणे व पुन्हा उठणे ही मानवी देहाची भाषा आहे.

पश्चिमेकडेही हे सूत्र दिसते. संत डॉमिनिक १२२१ मध्ये मरण पावला. त्याच्या प्रार्थनेच्या नऊ रीतींचे वर्णन करणारी एक अनामिक रचना त्याच शतकाच्या उत्तरार्धात बोलोन्या येथे तयार झाली. तिच्यातील बहुतेक रीती शरीराच्या ठेवणीवरूनच ओळखल्या जातात: वाकणे, पालथे पडणे, हात पसरून उभे राहणे. क्रुसासमोर उभे राहून पुनःपुन्हा गुडघे टेकणे आणि उठणे, हा क्रम तो दीर्घकाळ चालवी, असे त्यात सांगितले आहे.

असे असले तरी ही कृती व्यायामाहून वेगळी राहते, ती तिच्यावरील निर्बंधांमुळे. इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या नायसीया येथील धर्मपरिषदेच्या विसाव्या नियमाने रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून पन्नासाव्या दिवसापर्यंतच्या आनंदकाळात गुडघे टेकण्यास मनाई केली. त्या दिवशी उभे राहून प्रार्थना करावयाची. केवळ स्नायूंचे हित पाहावयाचे असते तर असा नियम करण्याचे कारण नव्हते. व्यायामात हालचालीचे मोल तिच्या परिणामावरून ठरते. उपासनेत ते तिच्या अर्थावरूनही ठरते. उभे राहणे हे पुनरुत्थानाचे चिन्ह आणि वाकणे हे अनुतापाचे, म्हणून दोहोंचे दिवस वेगळे.

३. श्वास, पाऊल आणि शब्द

देह आणि प्रार्थना यांचा दुसरा दुवा लयीचा आहे. बेथलेहेमहून जेरोमच्या मंडळातील पाउला व युस्तोखियुम यांच्या नावाने मार्केल्लास गेलेल्या एका पत्रात त्या गावच्या शेतीचे चित्र आहे. नांगर धरणारा हालेलूया गातो, कापणी करणारा स्तोत्रांनी श्रम हलके करतो, द्राक्षवेली छाटणारा दाविदाची पदे म्हणतो. जात्यावरील ओवी ज्या मराठी वाचकाच्या कानांत आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत ओवीबद्ध केली, ती १६१६ मध्ये छापली गेली. देहाच्या श्रमाशी जुळलेला एक छंद त्याला येथे आयताच मिळाला होता.

मरुभूमीतील साधकांच्या वचनसंग्रहात अंतोनीविषयी एक कथा आहे. मनाच्या मरगळीने तो त्रस्त झाला असता त्याला एक पुरुष दिसला. तो बसून दोर वळी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी. तो देवदूत होता आणि ते अंतोनीच्या प्रश्नाचे उत्तर होते. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत (प्रकरण ४८) हाच क्रम ठराविक तासांत बांधला गेला: काही वेळ हाताचे काम, काही वेळ पवित्र वाचन. ‘प्रार्थना कर आणि श्रम कर’ या अर्थाचे जे लॅटिन ब्रीद बेनेडिक्टच्या नावावर सांगितले जाते, ते त्या नियमावलीत शब्दशः आढळत नाही. त्यामागील व्यवस्था मात्र तीत आहे.

श्वासाची जोड याहून सूक्ष्म आहे. पूर्वेकडील ‘येशूची प्रार्थना’ ही दोन खंडांची असते. पहिल्यात येशूला संबोधन, दुसऱ्यात दयेची याचना; पहिला खंड श्वास घेताना, दुसरा सोडताना. आथोस पर्वतावरील साधकांची ही रीत कालाब्रियाचा बार्लाम याने हास्यास्पद ठरविली आणि त्यांना ‘नाभीत आत्मा असणारे’ अशा अर्थाचे कुत्सित नाव दिले. ग्रेगोरी पालामासने त्यांचा पक्ष घेतला. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, या पौलाच्या वचनावर त्याने आपले उत्तर उभारले. मनाने देहाबाहेर जावे हीच खरी भ्रांती आहे, असे त्याचे म्हणणे. १३४१ व १३५१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल येथील धर्मसभांनी पालामासचा पक्ष मान्य केला.

इग्नाशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक व्यायाम’ या ग्रंथास १५४८ मध्ये पोप तिसरा पॉल याची मान्यता मिळाली. शीर्षकातील लॅटिन ‘एक्सेर्कितिया’ हा शब्द सैन्याच्या कवायतीशी संबद्ध आहे. ग्रंथारंभीच लेखक चालणे, प्रवास करणे व धावणे या देहाच्या व्यायामांशी आत्म्याच्या व्यायामांची तुलना करतो. एवढे रूपक झाले. पण पुढे प्रार्थनेची तिसरी रीत सांगताना तो रूपक सोडून प्रत्यक्ष देहाकडे येतो: प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर मनात म्हणावा आणि दोन श्वासांमधील अवकाशात त्या शब्दाच्या अर्थावर थांबावे. शब्द हे येथे अर्थाचे एकक आहे तसेच कालाचेही.

या लयीचा देहावर होणारा परिणाम अलीकडे मोजला गेला आहे. लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ निरोगी प्रौढांना लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणण्यास सांगितले होते. दोन्ही प्रसंगी श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली, आणि हृदय व रक्तदाब यांच्या नियमनाची संवेदनक्षमता वाढली. प्रार्थनेचा एक पाठ साधारण दहा सेकंदांचा, म्हणून मिनिटाला सहा. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातील मर्म असे की, वाक्यखंडाची लांबी हीच येथे श्वासाची लांबी ठरविते. भाषांतरात प्रार्थनावचन फार लांबले तर अर्थ राहूनही ही लय मोडते. चालताना वा धावताना म्हणावयाच्या वचनाची निवड करणाऱ्याने ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे.

४. बळाचा धर्म

व्यायाम व ख्रिस्ती धर्म यांच्या आधुनिक संयोगाचा प्रसिद्ध प्रयोग मात्र या परंपरेतून आलेला नाही. १८५७ मध्ये चार्ल्स किंग्स्लीच्या एका कादंबरीचे परीक्षण करताना टी. सी. सँडर्स याने ‘स्नायूंचा ख्रिस्ती धर्म’ अशा अर्थाचा शब्द वापरला. किंग्स्लीला तो रुचला नाही; तथापि तो टिकला. त्याच वर्षी टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन’ची शालेय कथा प्रसिद्ध झाली आणि मैदान हे चारित्र्याची शाळा होय, हा विचार इंग्लंडात दृढ झाला. १८४४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या वाय. एम. सी. ए.ने पुढे अमेरिकेत या विचारास संघटित रूप दिले. ल्यूथर गुलिकने आत्मा, मन व शरीर या तीन बाजूंचा त्रिकोण तिचे चिन्ह म्हणून पुढे आणला. ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेल्या जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ रचला, आणि १८९५ मध्ये विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल. १९२० मध्ये हॅरी क्रो बक याने मद्रास येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेमुळे हा प्रवाह भारतातही आला.

या चळवळीचे समाजकार्य मोठे आहे. परंतु तिच्यात व्यायाम आणि प्रार्थना शेजारी बसल्या, एक झाल्या नाहीत. प्रार्थनेचा तास निराळा, खेळाचा निराळा. अनेक शहरांत आज त्या संस्थेचे नाव घेताच प्रार्थनागृहापेक्षा क्रीडांगण आधी आठवते. शिवाय स्नायूंच्या धर्मात जुन्या परंपरेने वगळलेली एक गोष्ट परत आली. पौलाने व्यायामशाळेतून संयम, सातत्य व लक्ष्य हे तीन गुण घेतले आणि पानांचा मुकुट मागे ठेवला. एकोणिसाव्या शतकाने तो मुकुट पुन्हा डोक्यावर चढविला. जिंकणे, बलवान असणे आणि पुरुषार्थ गाजविणे यांना सद्गुणाचे स्थान मिळाले. मग ज्याच्या अंगात बळ नाही, त्याच्या भक्तीचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

५. दुर्बळाचा व्यायाम

या प्रश्नावरच प्रस्तुत विषयाचा निर्णय अवलंबून आहे. ‘आध्यात्मिक व्यायाम’ लिहिणारा इग्नाशियस स्वतः लंगडा होता. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय निकामी झाला आणि तो आयुष्यभर लंगडत चालला. त्याने साधकाला गुडघे टेकून, पालथे पडून, उताणे निजून, बसून वा उभे राहून प्रार्थना करण्याची मुभा दिली; आणि ज्या स्थितीत इष्ट ते सापडेल तीच धरून राहावे, दुसरीकडे धावू नये, असे सांगितले. व्यायाम हे साधकाच्या वयास व प्रकृतीस अनुसरून द्यावेत, असेही त्याने नमूद केले. श्वासाची रीत विशेषतः नवशिक्यांना उपयुक्त आहे, असे पालामासही म्हणतो. म्हणजे ती पायरी आहे, शिखर नव्हे. ज्या पौलाने मुष्टियोद्ध्याची भाषा वापरली, त्यानेच आपल्या देहातील काट्याविषयी लिहिले आणि अशक्तपणातच ईश्वराचे सामर्थ्य पूर्णत्वास येते असे म्हटले (२ करिंथ १२:७–९).

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे. दीर्घ श्वसनाने मन शांत होते, लोटांगणांनी अंगात ऊब येते. ही देहाची सुखे कृपेची चिन्हे समजली जाण्याचा संभव असतो. रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाविषयी जे पत्र काढले, त्यात देहाच्या ठेवणीचे व श्वासाचे महत्त्व मान्य करून नेमका हाच इशारा दिला आहे. तो केवळ परक्या पद्धतींना लागू नाही. लोटांगणांची संख्या मोजणाऱ्या मठवासीयालाही लागू आहे.

सारांश, ख्रिस्ती परंपरेत व्यायाम आणि प्रार्थना यांचा संयोग नवा नाही आणि उसनाही नाही. मात्र तो सशर्त आहे. देहाने प्रार्थनेला नियमितपणा, लय आणि पुनरावृत्ती द्यावयाची. प्रार्थनेने व्यायामातून स्पर्धा आणि प्रदर्शन काढून टाकावयाचे. यांतील पहिला अर्धा भाग सोपा असल्याने बहुधा तेवढाच पाळला जातो. रोज पहाटे चालणाऱ्या भाविकाने पावलागणिक एखादे वचन म्हटले, तर पहिली अट पूर्ण झाली. दुसरीची परीक्षा त्याचे गुडघे थकतील त्या वर्षी होईल. चालणे थांबल्यावर खुर्चीत बसून, केवळ श्वासाबरोबर, तेच वचन चालू राहिले, तर त्याच्या व्यायामात प्रार्थना होती. आरंभी उल्लेखिलेल्या मराठी प्रयोगाच्या भाषेत सांगावयाचे तर शंभर नमस्कारांतील प्रत्येक नमस्कार एकवचनी राहिला पाहिजे.